सलीम अली हवेत ना? मग आधी मिलार्ड व्हा

दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सलीम अलींचा. राज्य शासनाने २०२० पासून हा सप्ताह सुरू केला. सोलापुरात जन्मलेला एक मराठी वनाधिकारी आणि मुंबईच्या सुलेमानी बोहरा कुटुंबातला एक पक्षीशास्त्रज्ञ, अशा दोघांची नावं एका आठवड्यात गुंफली गेली, याचा मला मनापासून आनंद आहे. २०२५च्या जूनमध्ये चितमपल्ली गेले. आता दोघेही आपल्यात नाहीत, त्यांच्या नावाचा आठवडा मात्र आहे.

या आठवड्यात होतं काय? शाळेत चित्रकला स्पर्धा होते. मुलं गुगलवरून मोराचं चित्र काढतात. घोषणा देत फेरी निघते. पाहुणे येतात, 'पक्षी वाचवा' असं सांगतात, हार-तुरे होतात, फोटो निघतात. आमच्या मोहल्ल्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर १२ तारखेला सलीम अलींचा दुर्बीण घेतलेला फोटो फिरतो, खाली 'कौम का फख्र' असं लिहिलेलं असतं. १३ तारखेला सगळं शांत. फोटो पुढे पाठवणाऱ्यांपैकी कितीजणांनी आपल्या मुलाला घेऊन सकाळी अर्धा तास एखाद्या झाडाखाली घालवला, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

मला या लेखात एकच गोष्ट सांगायची आहे. मुलांना पक्ष्यांची, निसर्गाची आवड लावावी लागत नाही. ती त्यांच्यात असतेच. ती टिकते की विझते, हे आजूबाजूच्या मोठ्या माणसांवर ठरतं. आपल्याला सलीम अलींचा अभिमान आहे, पण सलीम अली ज्यांच्यामुळे घडले त्या माणसांची आपण आठवणही काढत नाही.

एका चिमणीची आणि दोन मोठ्यांची गोष्ट

सलीम अलींचा जन्म १८९६ सालचा. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई. पोरक्या भावंडांना मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी मुंबईत खेतवाडीच्या घरात वाढवलं. दहा-बारा वर्षांच्या सलीमकडे छऱ्याची बंदूक होती. त्या काळच्या अशा घरांतली इतर मुलं करत तेच तोही करत होता, चिमण्या मारत होता. एक दिवस पडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही नेहमीची चिमणी नव्हती. मुलगा ती घेऊन मामाकडे गेला.

इथे थांबून विचार करावा असं बरंच आहे. मामांना तो पक्षी कोणता ते माहीत नव्हतं. पण त्यांनी मुलाला 'जा, अभ्यास कर' म्हणून घालवून दिलं नाही, की आपल्या अज्ञानावर पांघरूण घालायला काहीबाही नावही ठोकून दिलं नाही. ते स्वतः शिकारी होते आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे सभासद होते. १८८३ साली स्थापन झालेली ही संस्था मुंबईतच होती. त्यांनी तिचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्या नावाने चिठ्ठी दिली आणि भाच्याला तिकडे पाठवलं.

कागदात गुंडाळलेली चिमणी घेऊन तो मुलगा एका गोऱ्या साहेबाच्या कचेरीत गेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची मुंबई. छाती धडधडणारच. मिलार्ड व्यवसायाने एका मद्यविक्रीच्या पेढीत होते, पगारी शास्त्रज्ञ नव्हते. सोसायटीचं काम ते हौसेने, फावल्या वेळात करत. त्यांच्याकडे या पोरासाठी वेळ नसता तर कुणी त्यांना दोष दिला नसता. पण त्यांनी पक्षी ओळखला: पिवळ्या गळ्याची चिमणी. मग कपाटाचे खण एकेक करून उघडले आणि भुसा भरून जपून ठेवलेले शेकडो पक्षी त्या मुलाला दाखवले. वाचायला पुस्तकं दिली. पुढे सोसायटीच्या संग्रहाचं काम पाहणाऱ्या किनियर यांच्याशी गाठ घालून दिली. पक्ष्याचं कातडं कसं सोडवायचं, टिकवायचं कसं, नोंद कशी ठेवायची, हे सलीम तिथे शिकला.

याच मुलाने पुढे १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरचं ते प्रसिद्ध पुस्तक लिहिलं. डिलन रिप्ले यांच्यासोबत भारत आणि पाकिस्तानच्या पक्ष्यांचे दहा खंड सिद्ध केले. निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांचं सर्वेक्षण केलं, आणि आमचा मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. भरतपूरचं पाणथळ क्षेत्र वाचवायला ते उभे राहिले, सायलेंट व्हॅलीच्या जंगलासाठीही उभे राहिले. पद्मभूषण मिळालं, पद्मविभूषण मिळालं. हे सगळं आपण भाषणात सांगतो. पण त्याआधीची दोन माणसं, 'मला माहीत नाही, चल विचारून येऊ' म्हणणारा मामा आणि पोरासाठी कपाट उघडणारा साहेब, आपल्या भाषणात येत नाहीत.

चितमपल्लींचंही वेगळं नाही. वनखात्यात त्यांनी साडेतीन दशकं काढली, पण रानाची ओळख त्यांना खात्याने करून दिली नव्हती. ती लहानपणी आईकडून आणि मामांकडून मिळाली होती. म्हणजे इथेही मामाच. हात धरून नेणारं माणूस लहानपणीच भेटलं तर नंतरची नोकरी, पदवी, संशोधन हे त्याच वाटेवरचे टप्पे होतात.

मोहल्ल्यात पक्षी आहेत, मुलंही आहेत

'मुस्लिम मुलांना निसर्गाची आवडच नसते' असं मला एका सुशिक्षित गृहस्थांनी ऐकवलं होतं. पक्षीनिरीक्षणाच्या सहलींत मुस्लिम नावं कमी दिसतात, त्यावरून त्यांनी हा निष्कर्ष काढला होता. त्यांना मी सांगितलं, कधी संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या गच्चीवर या.

तिथे कबुतरं उडत असतात. कबुतरबाजीला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत आणि त्यांच्या काही तक्रारी खऱ्याही आहेत. पण त्या गच्चीवरचं पोरगं काय काय जाणतं ते एकदा ऐका. गिरहबाज कोणता, लक्का कोणता, हे ते लांबून सांगतं. वारा कुठून आहे, आज कबुतर किती वर चढेल, याचा त्याला अंदाज असतो. थवा एकदम फाकला तर वर आभाळात शिकरा किंवा बहिरी आहे, हे त्याला दुर्बिणीशिवाय कळतं. नजर आहे, धीर आहे, रोजची शिस्त आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिथे उस्ताद आणि शागीर्द असतात. उस्ताद मोकळ्या हाताने शिकवतो, चुकलं तर दटावतो, वर्षानुवर्षं सोबत राहतो. पक्षीनिरीक्षक घडवायला याहून वेगळं काय लागतं? या मुलाला पालन सोडून दे असं पहिल्या दिवशी सांगणाऱ्यापेक्षा 'तो शिकरा पुन्हा दिसला तर वेळ लिहून ठेव' असं सांगणारा त्याच्या जास्त उपयोगाचा आहे.

पिंजऱ्यातल्या पोपटाबद्दल मात्र गुळमुळीत बोलून चालणार नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्याकडचे देशी पोपट पकडणं, विकणं, पाळणं गुन्हा आहे. मुनियांचंही तसंच. बाजारात ही पाखरं उघडपणे विकली जातात आणि घराघरांत 'मिठ्ठू' टांगलेले असतात. नानीच्या पिंजऱ्यापुढे उभं राहून तिला पापाची भीती घालण्यापेक्षा मी मुलांना संध्याकाळी हिमायत बागेच्या बाजूला नेतो आणि मोकळ्या पोपटांचे थवे दाखवतो. एवढं उडणारं पाखरू दीड फुटाच्या पिंजऱ्यात काय करत असेल, हा प्रश्न मग मुलंच घरी जाऊन विचारतात. माझ्यापेक्षा त्यांचं विचारणं घरात जास्त चालतं.

पतंगाचंही तसंच आहे. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो मिळतो. ज्या मुलाने मांजात अडकलेली घार एकदा जवळून पाहिली, तिचा चिरलेला पंख पाहिला, त्याला बंदीचा कागद दाखवावा लागत नाही.

आणि आमच्या मुलांच्या कानावर पक्षी लहानपणापासून पडलेले असतात. हजरत सुलेमानांच्या गोष्टीतला हुदहुद सगळ्यांना माहीत असतो, अबाबील माहीत असतात. उर्दू शाळेतला मुलगा वक्तृत्व स्पर्धेत इक्बालच्या शाहीनवर तडाखेबंद बोलतो. पण हुदहुद आजही जिवंत पक्षी आहे, मराठीतही त्याला हुदहुदच म्हणतात आणि तो ईदगाहच्या मैदानात गवतात लांब चोच खुपसत फिरत असतो, हे त्यांना कुणी दाखवलेलं नसतं. पहिल्यांदा दाखवला तेव्हा सातवीतली एक मुलगी दबक्या आवाजात म्हणाली, "चाचा, ये वोइच है क्या? किस्से वाला?" मी म्हटलं, त्याच जातीचा. पुढची दहा मिनिटं कुणी बोललं नाही. जुन्या दरवाजाच्या कमानीखाली पिसांची आणि गवताची घरटी करून राहणाऱ्या पाकोळ्यांना आपल्याकडे उर्दूत अबाबील म्हणतात, हे सांगितल्यावर तर शाळेच्या वाटेवर रोज मान वर करून चालणारी पाच-सहा पोरं तयार झाली.

मग अडतं कुठे?

आवड आहे, पण दारं बंद आहेत. ती कोणती ते नीट पाहू.

पहिलं दार शाळेचं. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करायला सांगितलं. त्यानुसार विषय आला, पुस्तक आलं, प्रकल्प आला. आज पर्यावरणाचा प्रकल्प म्हणजे स्टेशनरीच्या दुकानातून चित्रांचे तक्ते आणून वहीत चिकटवणं. मुलांना पेंग्विनचं चित्र ओळखता येतं. शाळेच्याच आवारातल्या कडुनिंबावर 'टुक टुक' करणारा तांबट ओळखता येत नाही. शिक्षकांनाही येत नाही, कारण त्यांनाही कुणी दाखवलेला नाही. यात त्यांना दोष देऊन उपयोग नाही. 'मलाही माहीत नाही, आपण शोधू' एवढं वर्गात म्हणायची मुभा शिक्षकाला मिळाली तरी पुष्कळ होईल. तय्यबजींनी तेवढंच केलं होतं.

दुसरं दार जागेचं. छत्रपती संभाजीनगर झालेल्या आमच्या औरंगाबादेत दिल्ली दरवाजाजवळ सलीम अलींच्या नावाचं सरोवर आहे. मुघलांच्या काळात त्याला खिजरी तलाव म्हणत. शहराच्या ऐन मध्यात असं पाणी असणं हे केवढं भाग्य! पण सांडपाणी आणि जलपर्णी यांनी हे भाग्य कसं झाकोळलंय ते शहरात सगळ्यांना माहीत आहे. आसपासच्या वस्त्यांमधल्या मुलांसाठी ते 'वास येणारं तळं' आहे. ज्या माणसाने देशाला पक्षी पाहायला शिकवलं, त्याचं नाव दिलेलं पाणी त्याच्याच शेजारच्या मुलांना पाहायची जागा वाटत नसेल, तर नाव देऊन आपण काय साधलं? मुलांना आत बोलावणं आणि तळं स्वच्छ राहणं या दोन गोष्टी मला वेगळ्या वाटत नाहीत. ज्या तळ्यावर मुलाने टिबुकलीची पिल्लं मोजली आहेत, त्या तळ्यात नाला सोडलेला तो गुपचूप पाहत बसणार नाही.

तिसऱ्या दाराबद्दल बोलताना जड जातं, पण ते टाळून हा लेख पुरा होणार नाही. दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात मी आठ मुलांना घेऊन एका जलाशयावर गेलो होतो. वयं तेरा ते सोळा. दोघांच्या डोक्यावर टोप्या होत्या. तीन दुर्बिणी, वह्या, डब्यात पराठे. तिथल्या रखवालदाराने अडवलं. सगळ्यांची नावं विचारली, 'कुठून आलात, दुर्बीण कशाला, काय लिहिताय' असं विचारत राहिला. वह्या उघडून पाहिल्या. वहीत 'हळदी-कुंकू बदक १४' असं लिहिलेलं होतं. त्याच वेळी बाजूने कॅमेरे घेतलेला दुसरा एक गट सरळ आत गेला. अर्ध्या तासाने आम्हालाही जाऊ दिलं, मारहाण नाही, शिवीगाळ नाही. पण पुढच्या वेळी दोन घरांतून मुलं आली नाहीत. एक अब्बू मला म्हणाले, "सर, पक्षी नाही पाहिले तर काय बिघडणार आहे? उगीच कुठे नाव यायला नको." त्यांची भीती मला समजते. एखाद्या मुलाला आपल्याच जिल्ह्यातल्या पाण्याकडे पाहताना खुलासा द्यावा लागत असेल, तर 'यांना निसर्गाची आवड नाही' हा शेरा कुणी मारावा?

त्यानंतर मी दोन गोष्टी केल्या. मुलांच्या शाळेकडून नाव-फोटोसह पत्र घ्यायला लागलो. आणि शहरातल्या जुन्या मराठी पक्षीमित्रांना विनंती केली की तुमच्या फेरीत आमच्या मुलांनाही येऊ द्या. दुसऱ्या उपायाचा फायदा कितीतरी मोठा झाला. एका निवृत्त गृहस्थांनी आपली मोठी दुर्बीण तिवईवर लावून प्रत्येक मुलाला पाळीपाळीने पाहायला दिलं. त्यांच्याकडून मुलं मराठी नावं शिकली: नाचण, धोबी, शिंपी, कोतवाल, वंचक. काळ्या अंगाच्या आणि कपाळावर पांढरा ठिपका असलेल्या पाणपक्ष्याला 'वारकरी' म्हणतात हे ऐकून उर्दू माध्यमातल्या मुलांनी विचारलं, वारकरी म्हणजे काय? मग पैठण, एकनाथ, पंढरपूर असं करत गप्पा कुठल्या कुठे गेल्या. उलट शिकरा, बहिरी, बुलबुल ही नावं मराठीत फारसीतून आली, हे आमच्या मुलांनी त्या काकांना सांगितलं. भाषा आणि माणसं जोडायचे मेळावे मी पुष्कळ पाहिलेत. इतक्या सहज जुळलेलं काही मी क्वचितच पाहिलंय.

मिलार्ड त्या चिमणीवाल्या मुलाच्या धर्माचे नव्हते, देशाचेही नव्हते. ही गोष्ट आपण दोन्हीकडच्यांनी लक्षात ठेवायला हवी. आपल्याच लोकांतून मार्गदर्शक मिळेल तेव्हा पाहू, असं म्हणून थांबणं चुकीचं. आणि पक्षीमित्र संस्थांनीही 'आमची दारं सगळ्यांना उघडी आहेत' एवढं म्हणून थांबू नये. उघड्या दारातून आत यायलाही काहींना हिंमत लागते. त्यांना बोलवावं लागतं.

'आधी शिक्षण, मग पक्षी'

आमच्या समाजात हा आक्षेप नेहमी येतो. गळती थांबत नाही, नोकऱ्या नाहीत, आणि तुम्ही पोरांना पाखरं दाखवता? आक्षेप गंभीर आहे, त्याला उत्तर द्यायला हवं.

सलीम अलींचंच उदाहरण घेऊ, कारण त्यात दोन्ही बाजू आहेत. विद्यापीठाची पदवी नव्हती म्हणून भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेतली पक्षीशास्त्रज्ञाची जागा त्यांना मिळाली नाही. बर्लिनला जाऊन श्ट्रेसेमान यांच्याकडे शिकून १९३० साली परतले, तर मुंबईच्या संग्रहालयातली नोकरीही उरली नव्हती. तेव्हा ते अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले आणि तिथल्या सुगरणींचा बारकाईने अभ्यास केला. नर एकापेक्षा जास्त घरटी विणायला घेतो आणि मादी विणकाम पसंत पडलं तर त्यात बिऱ्हाड करते, हे त्यांनी दिवसदिवस बसून टिपलं. बेकारीतल्या त्या अभ्यासाने त्यांचं नाव झालं. तेव्हा 'पदवी कशाला हवी' असं मी मुलांना कधीच सांगणार नाही. पदवी हवीच. पण नुसत्या पदवीने किहीमच्या सुगरणी दिसत नाहीत, हेही तितकंच खरं.

पक्षी पाहण्याने अभ्यास बुडतो, हे मला पटत नाही. पंधरा दिवसांतून एका रविवारचे सकाळचे दोन तास जातात. त्या दोन तासांत मूल काय शिकतं? गप्प राहून पाहायला शिकतं. पाहिलं तेवढंच लिहायला शिकतं. तारीख, वेळ, जागा, संख्या. आणि ओळख पटली नाही तर 'ओळखलं नाही' असं लिहायला शिकतं. आजच्या काळात हे शेवटचं शिक्षण मला सगळ्यात मोलाचं वाटतं. मोबाइलवर आलेलं काहीही खातरजमा न करता पुढे ढकलणाऱ्या समाजात, 'मी स्वतः पाहिलं नाही, म्हणून मी सांगणार नाही' असं म्हणणारी दहा मुलं प्रत्येक मोहल्ल्यात तयार झाली तर काय होईल, याचा विचार करा. वैज्ञानिक दृष्टिकोनावर मी बरीच व्याख्यानं ऐकली आहेत. तो अंगी बाणायला पक्ष्यांच्या नोंदवहीइतकं स्वस्त साधन मला दुसरं दिसत नाही.

दुसरा आक्षेप मुलींचा. पहाटे रानात मुली कशा जाणार? झारखंडच्या जमाल आरांचं नाव आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. शिक्षण दहावीपर्यंत. छोटा नागपूरच्या जंगलांत पक्ष्यांचा अभ्यास केला, सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहिले आणि मुलांसाठी पक्षीनिरीक्षणाचं पुस्तक लिहिलं. नॅशनल बुक ट्रस्टने ते १९७० साली छापलं. सलीम अलींच्या घराण्यातल्या लईक फतेहअलींनीही मुलांसाठी आणि सामान्य वाचकांसाठी निसर्गावर लिहिलं. तेव्हा 'आपल्याकडे मुली असं काही करत नाहीत' हे विधान इतिहासालाच धरून नाही. शिवाय सुरुवातीला रानात जावंच लागत नाही. आमच्या गटातली सगळ्यात चांगली नोंदवही एका मुलीची आहे आणि ती सगळी गच्चीवरून लिहिलेली आहे. कपडे वाळत घालताना अम्मीने दाखवलेलं बुलबुलाचं घरटं, त्यातली तीन अंडी, तेरा-चौदा दिवसांनी निघालेली पिल्लं, मांजराने नेलेलं एक. या वहीत अम्मीही अभ्यासक आहे, तिला फक्त कुणी तसं म्हटलेलं नाही.

करायचं काय

मोठ्या योजनांबद्दल मी बोलत नाही. जे करून पाहिलंय आणि चालतं, तेवढं सांगतो.

एकच जागा धरा आणि तिथेच पुन्हा पुन्हा जा. वर्षातून एकदा लांबची सहल काढून काही साधत नाही. मदरशाचं अंगण, कब्रस्तान, ईदगाह, शाळेमागचा नाला, काहीही चालेल. जुनी कब्रस्तानं तर शहरातली उरलीसुरली देवराईच आहेत, तिथली झाडं कुणी तोडत नाही. ऑक्टोबरात पांढरा धोबी कधी आला आणि मार्चमध्ये कधी गेला, हे त्याच जागेवर गेल्याशिवाय कळत नाही.

पहिलं वर्ष कॅमेरा नको. कॅमेरा आला की मुलं पक्षी पाहायचं सोडून फोटो मिळवायच्या मागे लागतात आणि ज्याच्याकडे तो नाही ते मूल मागे पडतं. एक वही आणि पेन्सिल पुरे. दोन दुर्बिणींत दहा मुलांचं भागतं. पाळी येईपर्यंत थांबणं हाही शिक्षणाचाच भाग आहे.

वही झाल्यावर मोबाइल. त्याला शत्रू मानून चालणार नाही. मर्लिन हे अ‍ॅप आवाजावरून पक्षी सुचवतं, ई-बर्डवर नोंदी ठेवता येतात, दोन्ही फुकट आहेत. दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर अंगणातल्या पक्ष्यांची गणना होते. पंधरा मिनिटं पक्षी मोजून यादी टाकली की झालं. आपल्या गल्लीतल्या चिमण्यांची नोंद जगाच्या यादीत गेली, हे कळल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर जे येतं ते कुठल्याही प्रमाणपत्राने येत नाही.

स्पर्धा शक्यतो नको. बक्षिसासाठी पाहिलेला पक्षी दुसऱ्या दिवशी विसरला जातो आणि न पाहिलेला पक्षी वहीत घुसतो.

मुलांची नोंद कुठेतरी छापून आणा. जफर फतेहअलींनी १९६०च्या सुमारास हौशी पक्षीनिरीक्षकांसाठी एक साधं वार्तापत्र सुरू केलं. देशाच्या कानाकोपऱ्यातले लोक आपापल्या अंगणातलं पाहिलेलं त्यांना लिहून पाठवत आणि ते छापलं जाई. त्या वार्तापत्राने कितीतरी माणसं या छंदात धरून ठेवली. आज हे काम शाळेचा फळासुद्धा करू शकतो. 'आज सकाळी आवारात काय दिसलं' एवढी एक ओळ रोज एका मुलाने लिहायची, खाली स्वतःचं नाव.

आणि शेवटचं म्हणजे टिकून राहा. मिलार्डनी एकदा चिमणी ओळखून दिली असती आणि पुढच्या वेळी दार लावून घेतलं असतं, तर ती गोष्ट तिथेच संपली असती. मूल सहा महिने येतं, मग क्रिकेटकडे जातं, मग परत येतं. परत येईल तेव्हा आपण तिथे असायला हवं. त्यातली बहुतेक मुलं पक्षीशास्त्रज्ञ होणार नाहीत. कुणी वायरमन होईल, कुणी डॉक्टर, कुणी दुकान चालवेल. पण झाड तोडायला माणसं आली की त्यात घरटं आहे का ते आधी बघून घ्या, असं सांगणारा वायरमन मला हवा आहे.

येत्या नोव्हेंबरात सलीम अलींचा फोटो पाठवायला माझी हरकत नाही. फक्त त्याबरोबर एक काम करा. तुमच्या घरातलं, वर्गातलं, गल्लीतलं एखादं मूल कधीतरी तुमच्याकडे येऊन विचारेल, 'हे कोणतं पाखरू?' तुम्हाला माहीत नसेलच. त्याला तसं सांगा, चप्पल घाला आणि त्याच्यासोबत विचारायला निघा.